आईचं वॉशिंग मशीन आणि बासचा तो तुकडा

कोमट पाण्यात रेकॉर्डचं लेबल सुटायला चाळीस मिनिटं लागतात. घाई केली तर फाटतं.

आमचा सॅक्सोफोनवाला बर्ट्रम अंघोळ करतानासुद्धा टोपी काढत नाही. ही बातमी त्याच्या दुसऱ्या बायकोने फोडली.

ओसाकात एकाने दंडावर माझ्या आईचं वॉशिंग मशीन गोंदवून घेतलं होतं. काचेत मोजे दिसत होते.

बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं ठेवणारा माणूस मी लंडनमध्ये अजून पाहिलेला नाही.

आता सलग सांगतो. जमेल तितकं.

मी ग्लेनरॉय पिनक, हार्ल्सडेनचा. बँडचं नाव ‘गॅस मीटर’, माझ्या गळ्यात बास गिटार. आमची तीन गाणी गाजली. पहिलं ‘खिडकीतलं ऊन’, साल १९९२. दुसरं म्हणजे पहिल्याचेच शब्द बदलून. तिसरं म्हणजे पहिलंच, पण सावकाश. आमची गायिका ओडेट पहिल्या गाण्यात चार ओळी गाते आणि उरलेला वेळ ‘ऊऊऊ’ करते. पण लोक येतात ते सुरुवातीच्या बासच्या तुकड्यासाठी. तेवढा वेळ मी एकटा वाजवतो, बाकीचे माझ्याकडे बघत उभे राहतात.

“हे सुचलं कसं?” असं प्रत्येक मुलाखतीत विचारायचे. मी सांगायचो, आईचं वॉशिंग मशीन कपडे पिळत होतं, आत चुकून एक बूट गेला होता, धुब् धुब् टका धुब्. लोकांना हे इतकं आवडलं की आता गाण्याआधी गोष्ट ऐकल्याशिवाय ते वाजवू देत नाहीत. सगळे मिळून ओरडतात, “फिरव! फिरव!”

दोन घटस्फोट झाले, पाठ गेली. जगात ‘हे ग्लेनरॉयचं’ असं लोक ज्याला म्हणतात ती वस्तू एकच, तो तुकडा. तो गेला तर मी म्हणजे पाठदुखी असलेला एक उंच माणूस.

फोन. मंगळवार, सकाळ. थ्रिप.

(नायजेल थ्रिप म्हणजे कॅम्डनला रविवार दुपारच्या नाचाला रेकॉर्डी लावायचा तो. त्या काळी हे लोक दुर्मीळ रेकॉर्डचं लेबल भिजवून काढायचे आणि वर खोटं नाव चिकटवायचे, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डवाल्याला ती शोधता येऊ नये. आम्ही सगळे वर्षानुवर्षं खोट्या नावांवर नाचलो.)

“ग्लेन्या, जिवंत आहेस?”

“अर्धा. बोल.”

“माळा साफ करतोय. फॉस्केट अँड सन्स सापडली.”

“ते कोण?”

“आमचा खाटीक. नाव मीच चिकटवलं होतं. पण आत तुझा तुकडा आहे, लेका. सूर न् सूर. अमेरिकेची, सत्तरच्या आसपासची. या रविवारी तुमच्या बँडच्या तिसाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात, तुमच्या आधी लावतो की! धमाल येईल.”

अकरा वाजता मी त्याच्या वॉल्थमस्टोच्या घरी होतो. त्याने रेकॉर्ड लावली.

तोच तुकडा. फक्त वाजवणाऱ्याचा हात माझ्यापेक्षा चांगला. आणि तिसऱ्या फेरीआधी तो माणूस श्वास घेतो, तो ऐकू येतो.

“खरं नाव काय रे याचं?”

थ्रिपने बिस्किटाचा डबा आणला. आयुष्यभर सोडवलेली सगळी लेबलं त्यात जपून ठेवली होती. ओल लागून त्यांचा एकच गठ्ठा झाला होता. त्याने सुरीने एक पापुद्रा काढून पाहिला. निळा लगदा.

“लेबलच्या कडेला नंबर कोरलेला असतो ना?”

“तो मी खिळ्याने खरवडला. रोमफर्डचा रेकॉर्डवाला टेरी भिंग घेऊन यायचा नंबर वाचायला, हरामखोर.”

“म्हणजे तुला नाव माहीत नाही.”

“टेरीला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही मी.” छाती फुगली. मग हळूहळू उतरली. “मलाही नाही.”

त्याने डब्याला झाकण लावलं आणि रेकॉर्ड माझ्यासमोर धरली.

“घेऊन जा,” तो म्हणाला. “मोडून टाक हवी तर. कोण येणारे विचारायला?”

मी रेकॉर्ड दोन्ही हातांत धरून वाकवली. बरीच वाकते. मधोमध थ्रिपच्या अक्षरात खाटकाचं नाव. मला तो श्वास आठवला.

“लाव रविवारी,” म्हटलं आणि परत दिली.

रविवार, दुपारी तीन. पहिल्या रांगेत आई, वय चौऱ्याऐंशी, चर्चची जांभळी टोपी, मांडीवर तळलेल्या माशाचा डबा. थ्रिपने फॉस्केट लावली. लोक जल्लोष करत स्टेजकडे वळले. माझी गिटार अजून स्टँडवर होती.

“ग्लेन,” ओडेट म्हणाली, “तू तर इथे उभा आहेस.”

“हो.”

“मग वाजवतंय कोण?”

“कोणालाच माहीत नाही.”

बर्ट्रमने टोपी काढली. तुळतुळीत.

खाली एक दाढीवाला ओरडला, “दादा, कोणीतरी तुमचं चोरलंय हो!”

मी माइक धरला. “हा तुकडा माझा नाही. मी रचलेला नाही.”

“आईच्या मशीनने रचला!” खालून आवाज आला आणि सगळे हसले. “फिरव! फिरव!”

“ऐका तरी! कॅम्डनला नाचताना मी त्या रेकॉर्डवरून...”

आई उठली. तिला माइक लागत नाही.

“माझंच मशीन होतं ते! बूट मी टाकला होता आत! वाजव आता, ग्लेनरॉय, मासा गार होतोय!”

टाळ्यांचा पाऊस. ती माझ्याकडे बघत होती. शाळेत मास्तरांसमोर माझी बाजू घेताना अशीच बघायची, आणि घरी गेल्यावर काय होणार ते त्या नजरेतच लिहिलेलं असायचं.

मी गिटार उचलली. वाजवलं. तिसऱ्या फेरीआधी माइकजवळ जाऊन श्वास घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

आमच्या घरी वॉशिंग मशीन १९९४ साली आलं, गाण्यानंतर दोन वर्षांनी. तोवर आई कपडे बाथटबमध्ये हाताने धुवायची.