सांगलीची पार्टी

हायवेवरच्या त्या काचेच्या शोरूममध्ये, पांढऱ्याशुभ्र फरशीवर प्रभुलिंग हेब्बाळे उताणे झोपले तेव्हा तिथल्या पोरांना वाटलं, म्हातारा गेला. एक पाण्याला पळाला, दुसऱ्यानं फोन काढला. पण प्रभुलिंगआण्णा कुठं गेले नव्हते. पिवळ्या गाडीखाली मुंडी घालून, मोबाईलची बॅटरी लावून ते वर बघत होते. खालूनच त्यांचा आवाज आला, "जरा सरका की पावणं, उजेड अडतोय."

गाडी म्हणाल तर दोन माणसांची, उघड्या छपराची, जमिनीला पोट टेकवून चालणारी. कोल्हापूरच्या स्पीडब्रेकरवर ती चढणार कशी, हा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडला असता. कंपनीनं देशात शंभरच काढल्या होत्या आणि कोल्हापूरच्या वाट्याला त्यातली एक आली होती. शोरूममध्ये येणारा जो तो तिच्या सीटवर हात फिरवायचा, एखादा फोटो काढायचा. हे गृहस्थ थेट तिच्या पोटाखाली.

त्याला कारण होतं. शिरोली एमआयडीसीत आण्णांची फौंड्री होती, आणि इंजिन ज्याच्यावर बसतं तो बिडाचा ब्रॅकेट त्यांच्या भट्टीत ओतलेला होता. ओततानाच त्याच्यावर 'पी' हे अक्षर उठायचं. मग तो पीस रस्त्यापलीकडं अमीन शिकलगारच्या शॉपमध्ये मशिनिंगला जायचा आणि काम पुरं झालं की अमीन त्या 'पी'शेजारी पंचनं एक टिंब ठोकायचा. आण्णांना गाडीखाली ते टिंब दिसलं. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तसेच पडून राहिले.

आण्णा आणि अमीन एका शाळेतले, एका बाकावरचे. धंदा सुरू केला तेव्हा दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, आपला पीस ज्या दिवशी एखाद्या भारी गाडीत बसंल, त्या दिवशी तिच्यातनं दोघांनी जोतिबाला जायचं. पुढची कितीतरी वर्षं पीस पंपात गेले, ट्रॅक्टरात गेले. पंपात बसून जोतिबाला जाता येत नाही. आता कुठं गाडी आली होती, तर वर्षभर अमीन आण्णांशी बोलत नव्हता.

का बोलत नव्हता, हेच आण्णांना कळत नव्हतं. मागच्या एप्रिलमध्ये कंपनीनं रेट कमी केला म्हणून आण्णांनी अमीनच्या रेटमधून पीसमागं दोन रुपये कमी केले. तसा मेल ऑफिसमधून गेला. मजकूर अगदी नम्र होता, आण्णांनी स्वतः वाचला होता. अमीननं हूं की चूं केलं नाही. त्या दिवसापासून माल टेम्पोनं जायचा, टेम्पोनं यायचा, आणि बोलणं बंद. दोन रुपयांसाठी माणूस एवढा फुगतो? आण्णा डोकं खाजवायचे आणि गप्प बसायचे. आपणहून रस्ता ओलांडायला त्यांना कमीपणा वाटत होता. हेही सांगून टाकलेलं बरं.

गाडी घ्यायची, अमीनच्या शॉपच्या दारात नेऊन उभी करायची आणि म्हणायचं, बस. एवढंच त्यांनी ठरवलं होतं. मग बोलल्याशिवाय राहील कसा?

कपडे झाडत उठून त्यांनी किंमत विचारली. समोर ऋग्वेद नावाचा सेल्स मॅनेजर होता. केस चोपडलेले, बोलणं त्याहून चोपडं.

"एक्स-शोरूम अठ्ठेचाळीस लाख, सर. आपल्याला साठ पडेल."

"आपल्याला म्हंजे? आमच्यासाठी येगळा भाव हाय व्हय?"

"लिमिटेड गाडी आहे ना, सर. त्यामुळे मार्केट अ‍ॅडजस्टमेंट आहे. शिवाय सिरॅमिक कोटिंग कंपल्सरी."

"मला कोटिंग नगं."

"लावून झालंय, सर."

"मग काढा."

"काढायचा चार्ज वेगळा पडेल."

आण्णांनी खुर्ची ओढली. अशी कोडी उभ्यानं सुटत नाहीत. "कंपनीला हे वरचे बारा लाख म्हाईत हायत?"

"कंपनीचा संबंध नाही, सर."

"मग कुणाचे म्हणायचे हे?"

"मार्केटचे."

"आणि हे मार्केट बसतंय कुठं? मी जाऊन बोलतो की त्याच्याशी."

ऋग्वेद हसला. आण्णा हसले नाहीत, त्यांनी खरंच विचारलं होतं. त्यांच्या धंद्यात दर एप्रिलला कंपनीचा निरोप यायचा, यंदा रेट कमी करा. वीज महागली, कोळसा महागला, माणसं मिळेनात, तरी रेट कमी करा. आणि ही गाडी इथं आल्यापासून तिच्यावर फडकं फिरवण्यापलीकडं कुणी काही केलं नव्हतं, तरी ती बारा लाखांनी वाढली होती. जो लोखंड वितळवतो त्याचा भाव उतरतो आणि जो काच पुसतो त्याचा चढतो. हे गणित आण्णांच्या डोक्यात कुठल्याच बाजूनं शिरेना.

ते उठून निघणारच होते. तेवढ्यात ऋग्वेद हळूच म्हणाला, "तशी आणखी एक पार्टी आहे, सर. सांगलीची."

झालं. कोल्हापूरच्या माणसाला तुम्ही गाडी चांगली नाही म्हणा, तो ऐकून घेईल. महाग आहे म्हणा, मान डोलवील. पण सांगलीला जाणार म्हटलं की त्याचं डोकं त्याच्या ताब्यात राहत नाही. हे ऋग्वेदला पक्कं ठाऊक होतं.

"एकसष्ट," आण्णा म्हणाले.

घरी हे ऐकल्यावर शिवगंगाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "आवं, दारात दोन गाड्या हायत. तिसरी कुठं लावणार, माझ्या जास्वंदीवर?"

"सांगलीला चाललीया ती."

"जाऊ दे की! सांगलीत रस्तं न्हाईत व्हय?"

आण्णा जेवायला बसले.

पुढचा आठवडा असा गेला की विचारू नका. फोन वाजायचा आणि ऋग्वेद म्हणायचा, सांगलीवाले वर गेले. आण्णा त्यांच्याही वर जायचे. भट्टीपुढं उभं असताना फोन, गोठ्यात म्हशीची धार काढून घेताना फोन. सांगलीचा तो कोण असेल याचं चित्र आण्णांच्या मनात तयार झालं होतं. हळदीचा व्यापारी असणार, बोटांत अंगठ्या, उद्धट. त्या न पाहिलेल्या माणसाला ते अंघोळ करतानाही शिव्या घालायचे. मध्येच वाटायचं, अरे, आपण हे करतोय काय? ज्या गाडीतल्या प्रत्येक पीसमागं आपण पैशापैशानं चिरडलो गेलो, तिच्याच अंगावर आपण लाखांनी ओततोय? मग परत फोन वाजायचा आणि हा विचार जागच्या जागी विझायचा. आकडा सहासष्टवर आला.

शेवटी चेकबुक खिशात घालून आण्णा शोरूममध्ये गेले. म्हटलं, आज तुकडा पाडायचा. सह्या करायला पेन हातात घेतलं आणि सहज विचारलं, "पावणं, त्या सांगलीवाल्याला हीच गाडी का पायजे? कळतंय का त्याला गाडीतलं काय?"

ऋग्वेदला आता सौदा झाल्यातच जमा वाटत होता. त्याची जीभ सैल सुटली. "कसलं काय, सर! गंमतच आहे. तेही तुमच्यासारखेच. सीट बघितली नाही, इंजिन बघितलं नाही. आले आणि थेट गाडीखाली झोपले. टॉर्च घेऊनच आले होते. वर कुठंतरी बोट लावून पडून राहिले, उठेचनात. गुडघा धरला होता त्यांचा. आम्ही दोघांनी धरून उठवलं."

आण्णांचं पेन थांबलं.

"उजवा गुडघा?"

"हो बहुतेक. का, ओळखीचे आहेत?"

आण्णांनी पेनाला टोपण लावलं. कोल्हापुरात असो की सांगलीत, साठ लाखांच्या गाडीखाली झोपून तिच्या ब्रॅकेटवर बोट ठेवणारा माणूस त्यांच्याशिवाय जगात एकच होता, आणि त्याचा उजवा गुडघा शाळेत कबड्डी खेळताना निखळला होता. तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन घरी पोचवला होता तो यांनीच.

ऋग्वेद मागून "सर, सर" करत राहिला. आण्णा तडक बाहेर पडले.

शिरोलीपर्यंत त्यांना काही सुचेना. आठवडाभर आपण अमीनवर बोली चढवत होतो? आता आपण माघार घ्यावी, तर आपणच चढवलेला भाव त्याच्या गळ्यात पडणार. गाडी आपण घ्यावी, तर त्याच्या तोंडचा घास काढल्यासारखं. आणि सांगली? यात सांगली आली कुठून? सांगलीच्या त्या हळदवाल्याला आपण एवढ्या शिव्या घातल्या, त्या आता कुणाच्या नावावर जमा करायच्या?

अमीनच्या शॉपमध्ये लेथ चालू होती. अमीन स्टुलावर बसून एका पीसला गेज लावत होता. दारात आण्णांना बघून त्यानं लेथवरच्या माणसाला हातानं थांबायची खूण केली. यंत्र बंद झालं आणि एकदम सगळं शांत झालं.

"ये," अमीन म्हणाला. वर्षातला पहिला शब्द.

आण्णा समोरच्या स्टुलावर बसले. चहा आला. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण सगळं उलटंच बाहेर पडलं. "अमीन, गाडी तू घे. मी सोडतो."

"मी परवाच सोडलीया."

"परवा? मग आज सकाळी पासष्ट कुणी केले, मला सहासष्ट करायला लागले ते?"

"मला इचारतोस?" अमीननं गेज खाली ठेवला. "मी निस्ता पीस बघायला गेलतो रं. घ्यायची कुणाला हाय! त्यो पोरगा म्हटला, सांगलीची पार्टी हाय. मग डोस्कं फिरलं. चार दिस चढवत बसलो. परवा त्यो बोलता बोलता म्हटला, समोरची पार्टीबी फरशीवर झोपली होती, पांढऱ्या कापडात. मला कळलं, ह्यो कुठला सांगलीचा, ह्यो आपला प्रभू. लगीच सोडली. तुझ्यावर बोली कशी लावू?"

"म्हंजे परवापास्नं मी भांडतोय कुणाशी?"

एवढ्यात आण्णांचा फोन वाजला. ऋग्वेद. आण्णांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"सर, असे मध्येच उठून गेलात. आता पंचाईत झाली बघा. ते सांगलीवाले आत्ता माझ्यासमोरच बसलेत. अडुसष्ट म्हणतायत. चेक लिहितायत, सर."

आण्णांनी अमीनकडं बघितलं. अमीननं बशीतला चहा फुर्रकन ओढला. "त्यास्नी इचारा," आण्णा गंभीरपणे म्हणाले, "चा कडक हाय का."

"काय, सर?"

फोन बंद करून दोघं असे हसले की लेथवरचा माणूस वळून बघायला लागला. अमीनला ठसका लागला, आण्णांनी त्याची पाठ थोपटली. वर्षभराचं सगळं धुऊन निघालं, असं आण्णांना वाटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण अमीनचं हसू आधी थांबलं.

"प्रभू, एक इचारू? त्या पोरानं गाडीवर निस्तं फडकं मारलं, त्याला तू अठरा लाख वर द्यायला निघालतास. तोंड वर करून, गाडीत बसून त्याच्या दारात गेलास. आणि माझे दोन रुपये तुला जड झाले व्हय रं?"

आण्णांनी हातातला कप खाली ठेवला. "कंपनीनं कापलं म्हणून..."

"दोन रुपयांचं न्हाई मी म्हणत. हा रस्ता वलांडून आला असतास, हितं बसून चा पिऊन म्हटला असतास, 'अमीन, अडचण हाय, चार सोड,' तर मी चार सोडले असते. तुझ्या ऑफिसातनं मला मेल आला. डिअर सप्लायर म्हणून. मी दोनदा वाचला. वाटलं, दुसऱ्या कुणाचा चुकून आला."

लेथवरचा माणूस उगाच चिंध्या गोळा करत राहिला. आण्णा खाली मान घालून बसले. वर्षभर जे कळत नव्हतं ते आता इतकं सरळ समोर होतं की आपल्याला दिसलं कसं नाही, हेच त्यांना कळेना. कंपनी त्यांना मेल टाकत होती, तेव्हा ते तिला शिव्या घालत होते. आणि तोच मेल, तोच 'डिअर सप्लायर', त्यांनी रस्त्यापलीकडं ढकलला होता. त्यांना लाज वाटली.

ते म्हणाले, "जुना रेट परत करतो."

"कर. पर मेल टाकू नगंस."

"मग कसा सांगू?"

"उद्या ये आणि हितं बसून सांग. परवाबी ये. रेट नसला तरी ये."

आण्णांनी मान डोलावली. चहा केव्हाच गार झाला होता. तो त्यांनी तसाच एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला.