मागच्या बाजूला

थोरल्या जावेनं कडेवरचं बाळ धाकटीच्या हातात दिलं आणि ती टेबलाखाली वाकली.

"ताई, आत्ता मीटिंग आहे हो माझी. सकाळपासून पडदा नुसता काळाठिक्कर."

"दिवा लागलाय, पंखा फिरतोय. म्हणजे धुगधुगी आहे." थोरलीनं वायर दाबून पाहिली.

बाळ होण्याआधी हा कम्प्युटर थोरलीचा होता. खुर्चीही तिचीच. आता खुर्चीवर धाकटीची उशी होती, आणि धाकटी कामाला बसली की दाराला आतून कडी. बाहेर लंगोटांच्या घड्या घालताना थोरलीला आतली टकटक ऐकू यायची आणि घातलेली घडी ती पुन्हा मोडायची. आज धाकटीची हाक आली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. बसू दे एक दिवस हातावर हात ठेवून.

तिनं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची ओळ आली: सुरू करण्यासाठी काही सापडत नाही.

"गेला ना?"

"लगेच रडू नकोस. भलतीकडे शोधत बसलाय तो. मागे पेनड्राइव्ह राहिलाय का? राहिला की हा शहाणा आधी त्यातच डोकं खुपसतो."

बाळानं धाकटीच्या कानातलं ओढलं, तरी तिनं सोडवून घेतलं नाही.

थोरलीनं मागे चाचपडून हाताला लागलं ते उपसलं. लाल पेनड्राइव्ह. त्यावरचा नेलपॉलिशचा ठिपका तिनंच लावलेला. बाळ पहिल्यांदा पालथं पडलं, खुदकन हसलं, ते सगळे व्हिडिओ यात होते. हा सापडेना म्हणून तिनं अख्खं घर उपसलं होतं, नवऱ्याशी भांडली होती.

तिनं पुन्हा बटण दाबलं. ओळखीचा सूर वाजला, पडदा उजळला.

"परत ठेवणारच होते मी," धाकटी बाळाच्या जावळात तोंड लपवून म्हणाली. "काम संपलं की एखादाच व्हिडिओ बघायचे."

थोरलीची नजर दाराच्या कडीवर गेली. मग तिनं हात पसरले.

"चला सोन्या, काकूला काम आहे."

बाळानं मान फिरवली आणि काकूच्या खांद्याला घट्ट धरलं. काकूचेही हात सैल झाले नाहीत. पसरलेले हात थोरलीनं पदराला पुसले, टेबलाचा खण उघडून पेनड्राइव्ह आत ठेवला.

"बघून झालं की काढत जा," ती म्हणाली. "नाहीतर सकाळी पुन्हा अडेल."