शेवटचं दिसलेलं ठिकाण

चौकशीबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती एका चाकावरून.

मुलाचा फोन रविवारी सकाळी यायचा, तसा आला. तब्येत कशी, गुडघा कसा, औषधं संपली का, सगळं विचारून झालं आणि ठेवता ठेवता तो म्हणाला, "आई, गाडीच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. भरून घे." बाई "बरं" म्हणाल्या, जिना उतरून खाली गेल्या आणि चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. खरंच हवा कमी होती. आता हा मुलगा राहतो दुसऱ्या शहरात. तिथून त्याला चाक कसं दिसलं? दुसऱ्या एखाद्या आईने 'किती मेली काळजी' म्हणत चार घरी कौतुक सांगितलं असतं. बाईंनी तिथेच उभ्याउभ्या उलटा फोन लावला.

"तुला कसं कळलं रे?"

"ॲपमध्ये येतं गं. हवा, पेट्रोल, दार नीट लागलं नसेल तर ते. सगळं येतं."

"सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे सगळं," मुलगा हसला.

तो हसला. बाईंनी फोन ठेवला आणि गाडीकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

त्यांना चौकशीबाई म्हणायचे ते उगीच नाही. एका मोठ्या रुग्णालयात 'चौकशी' लिहिलेल्या खिडकीमागे त्यांनी नोकरीचा जन्म काढला होता. अमका पेशंट कुठल्या वॉर्डात, कुठल्या खाटेवर, हे विचारणारा प्रत्येक जण फुलं घेऊन आलेला नसतो, हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या. कोणी भांडायला येतो, कोणी सही घ्यायला येतो, आणि ज्याने मारून पेशंटला तिथवर पोचवलं तोही कधीकधी अगदी नम्रपणे रांगेत उभा असतो. तेव्हापासून कोणी साधं "काय म्हणता?" विचारलं तरी बाई आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या. शेजारीपाजारी वैतागायचे. वैतागोत बापडे.

आणि लपवण्यासारखं बाईंकडे आता होतंही. त्यांची थोरली लेक तीन महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली होती. जावयाने दोनदा हात उगारला होता, तिसऱ्यांदा नुसता उगारला नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तिने खोली घेतली आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. पत्ता ठाऊक होता फक्त आईला. सख्ख्या भावालाही नाही, कारण भावाचा आणि जावयाचा लाकडाचा धंदा भागीदारीत. हा तिकडून माल पाठवायचा, तो इथे विकायचा. भाऊ वाईट नव्हता हो, पण त्याच्या पोटात तीळ भिजत नसे. वर त्याचं मत असं, की नवरा-बायकोत चालायचंच.

दर गुरुवारी लेकीला सुट्टी. दर गुरुवारी बाई तिच्याकडे जायच्या, आणि जायच्या त्या मुलाने गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घेऊन दिलेल्या या गाडीतूनच. तीन महिने गाडी लाँड्रीच्या दारात उभी राहिली होती! म्हणजे त्याला माहीत आहे? माहीत असेल तर बोलत का नाही? जावयाला सांगून बसलाय की काय? का अजून बघितलंच नाहीये, आणि एखाद्या दिवशी सहज बघेल? त्या विचारांनी बाईंना अन्न गोड लागेना. एका गुरुवारी त्यांनी गाडी जुन्या रुग्णालयाच्या आवारात लावली आणि दोन बस बदलून लेकीकडे गेल्या. परत येईपर्यंत गुडघा टम्म सुजला. त्या रात्री शेक घेता घेता त्यांनी ठरवलं: हे जे काही गाडीत बसलंय ते काढून टाकायचं.

काढायचं कोणाकडे? घराजवळचा गॅरेजवाला हुशार होता, पण मुलाचा नंबर त्याच्याकडे. गाडीचं साधं पाणी बदललं तरी तो मुलाला कळवायचा. त्याच्याकडे जाणं म्हणजे दवंडी पिटणं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा तर प्रश्नच नाही, कागदावर नाव मुलाचं. ओळखीचं कोणी नको, ओळखीच्याच्या ओळखीचंही नको. असा विचार करता करता बाईंना आठवला लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी, लाँड्रीच्या समोरच बसणारा वायरमन. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्या भागात बाईंना काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. याहून सुरक्षित जागा कोणती?

पुढच्या गुरुवारी त्यांनी गाडी थेट त्याच्या शेडसमोर उभी केली.

वायरमन पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न टाकला, "गाडी कोणाची?"

"माझी."

"कागदावर?"

"मुलाच्या नावावर आहे."

"मग मुलाला घेऊन या मावशी." त्याने टेस्टर उचलून दुसऱ्या गाडीकडे तोंड वळवलं. "रागावू नका. पण हे काम घेऊन येणारे दोनच जातीचे. एक चोर, नाहीतर एक भ्यालेला. आणि दोघंही सांगतात की गाडी माझीच आहे."

"मी तुम्हाला चोर वाटते?"

"चोर दिसण्यावर असता तर बरं झालं असतं."

माणूस आपल्याच पंथातला निघाला म्हणून बाईंना हसू आलं. पण तोंडावर न दाखवता त्या म्हणाल्या, "मला भ्यालेल्यांत धरा. स्वतःसाठी नाही भ्याले. माझ्या मुलीसाठी." यापुढे एक अक्षर बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि बोलल्याही नाहीत. वायरमनने टेस्टर खाली ठेवला. मग त्याने हात पुसले आणि डॅशबोर्डचं एक पॅनेल अलगद ओढून काढलं.

आत हाताच्या पंजाएवढी काळी डबी होती. "हिच्यात सिम असतं, आपल्या फोनमध्ये असतं तसं," तो म्हणाला. "गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ही सांगत बसते. अपघात झाला तर आपणहून मदतीला फोन करते. ते पण बंद होईल, आधीच सांगतो. नंतर माझ्या नावाने ओरडू नका."

"आणि ही बारीक जाळी कसली?"

"माईक."

"म्हणजे ही ऐकते?"

"ऐकू शकते. कोण ऐकतं, केव्हा ऐकतं, ते मला कसं माहीत असणार?"

बाईंनी जाळीवर बोट दाबून धरलं. लेक दोनदा त्यांच्या शेजारी बसून रडली होती ती याच गाडीत. "काढा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढा."

डबी टेबलावर आली तशा बाई लाँड्रीचा जिना चढल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं. लेकीने दार उघडलं ते आधी साखळी लावून, फटीतून बघून. बाईंना ते आवडलं. पोरगी आपल्या वळणावर गेली होती.

"आता तू निर्धास्त राहा," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या आणि चाकापासून डबीपर्यंत सगळी हकिगत सांगितली. लेक ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चहाचा कप तोंडापासून खाली आला.

"कुठे काढलीस ती डबी?"

"खाली, तुमच्या वायरमनकडे. आपल्याकडच्या गॅरेजवाल्याला सांगायचं म्हणजे..."

"म्हणजे ती इथे असताना बंद झाली."

"झाली ना बंद! तेच तर सांगतेय."

"आई," लेक हळू आवाजात म्हणाली, "बंद झालेली वस्तू शेवटची कुठे होती, ते लोक बघतातच गं."

बाईंना पुरतं उमगायच्या आत फोन वाजला. मुलगा होता, आणि धाप लागल्यासारखा बोलत होता.

"आई! बरी आहेस ना? कुठे धडकली नाहीस ना?"

"मला काय धाड भरलीय? का रे?"

"अगं, गाडीशी संपर्क तुटला म्हणून लाल अक्षरांत आलं. शेवटचं दिसलेलं ठिकाण म्हणून कुठली तरी लाँड्री दाखवतंय. मी ते ॲप एरवी उघडूनसुद्धा बघत नाही, चाकाचंही ते आपोआप आलं होतं. आज बघितलं आणि घाबरलोच. तू फोन उचलेपर्यंत जिवात जीव नव्हता."

"मी ठीक आहे. बॅटरीचं काम निघालं होतं."

"देव पावला. बरं, भाऊजींना पाठवलंय मी. गोदामातून निघालेत ते, पोचतीलच. एकटी चालवू नकोस, ते सोडतील तुला."

बाईंनी फोन खाली ठेवला आणि त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पोराने बघितलंच नव्हतं. ज्या पोराने कधी बघितलं नव्हतं त्याच्यावर संशय घेऊन आपणच त्याचं बोट धरलं आणि नकाशावर बरोबर या दारावर टेकवलं. का तो खोटं बोलतोय? पण हे ठरवायला आता वेळ नव्हता. पलीकडचं बोलणं लेकीलाही ऐकू गेलं होतं. तिने आधी खिडकीचा पडदा ओढला, मग दिवा मालवला.

"वर बघू नकोस जाताना," एवढंच ती म्हणाली.

गुडघा विसरून बाई खाली आल्या. "माझा जावई येतोय," त्या वायरमनला म्हणाल्या. "त्याच्यापासूनच..." आणि त्यांनी डबीकडे बोट केलं. वायरमनने मान हलवली. टेबलावरच्या डबीवर त्याने हात पुसायचं फडकं टाकलं आणि पॅनेल जागच्या जागी दाबून बसवलं.

जावई एका माणसाच्या मोटरसायकलवरून उतरला आणि त्या माणसाला त्याने परत पाठवून दिलं. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. याच मऊ आवाजाला भुलून आपण लेक दिली, हे बाईंना रोज बोचायचं, आत्ताही बोचलं.

"आई, घाबरवलंत आम्हाला. काय झालं?"

"बॅटरी उतरली," बाई म्हणाल्या.

"एवढ्या लांब कशा आलात?"

"जुन्या नोकरीतली बाई आजारी आहे, तिला बघायला."

"कुठे राहते?"

"तिकडे, टाकीच्या पलीकडे. ती झोपली होती म्हणून लगेच निघाले." एका प्रश्नाला एकच उत्तर, आणि उत्तर असं की पुढे रस्ता नाही. पण जावई त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो वर बघत होता. समोरच्या इमारतीची एक एक खिडकी, डावीकडून उजवीकडे.

"फक्त बॅटरी?" त्याने वायरमनला विचारलं.

"टर्मिनल सैल झालं होतं. सगळंच बंद पडतं मग," वायरमन पेन्सिल कानावर सरळ करत म्हणाला. "झालंय काम. न्या."

किल्ली जावयाने मागितली नाही, नुसता हात पुढे केला. बाईंनी दिली. गल्लीतून बाहेर पडायला तो सरळ गेला नाही. त्याने इमारतीला हळूहळू पूर्ण वळसा घातला. बाई समोर बघत बसल्या.

"तिचा काही फोन?" त्याने विचारलं.

"नाही हो. काळीज तुटतं माझं."

"कळलं तर मला सांगाल ना?"

"तुम्हाला नाही सांगणार तर कोणाला?"

"बरा भाग आहे हा," तो आरशात बघत म्हणाला. "कधी आलोच नव्हतो. येत जाईन आता."

घरी पोचल्यावर बाईंनी त्याला पाणी दिलं, मुलाची खुशाली सांगितली, दारापर्यंत सोडायला गेल्या. तो दिसेनासा झाल्यावर दाराला कडी घातली आणि लेकीला फोन लावला. लागला नाही. परत लावला. संध्याकाळ कलली तेव्हा एका नव्याच नंबरवरून फोन आला.

"मी पडद्याआडून बघितलं त्याला," लेक म्हणाली. मागे कुठेतरी बसचा हॉर्न वाजत होता. "खिडक्या मोजत होता. मी निघाले आई. खोली सोडली."

"बरं केलंस. चष्म्याचं दुकान?"

"तेही सोडलं."

"आता कुठे? मला सांग, मी गाडीने येणार नाही. कितीही बस बदलून येईन. फोन घरी ठेवून येईन."

"गुडघा जप," लेक म्हणाली. बाईंना एकदम भीती वाटली, जावयाची वाटली नव्हती एवढी.

"मी कोणाला सांगितलं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "देवाशपथ, एका अक्षराने नाही."

"मला माहीत आहे. तू जगात कोणालाच सांगत नाहीस," लेक म्हणाली. "तुझ्यावर माझा संशय नाही, आई. पण या वेळी पत्ता नको विचारूस."

बाई भिंतीला टेकल्या. रडू आलं ते त्यांनी दाबलं नाही.

"मग गुरुवारी?"

"गुरुवारी तू घरीच थांब," लेक म्हणाली. "मला जमेल तेव्हा मीच फोन करीन."