भिंतीकडे वळलेली ओंबी

"ओरेस्ट, यंत्र चालवत होतास की नाचत होतास? एक तरी ओळ सरळ असेल तर शपथ!"

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. मला कान एकच, पण आयनारचा हा टोमणा त्यात वर्षानुवर्षे घुमतो आहे.

आता हॉटेल चालवणाऱ्या मर्नाच्या आईने एका लांबलचक हिवाळ्यात मला मातीतून घडवले, भट्टीत भाजले आणि माझ्या अंगावर गव्हाची ओंबी रंगवली. मग आपल्या हॉटेलाच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगले. आमच्या गावात नेहमीच्या गिऱ्हाइकाचा कप ठरलेला असतो. मी ओरेस्टचा. बाहेर नजर पोचेल तिथवर सपाट शेते, आणि आत सकाळच्या कॉफीला जमलेले शेतकरी. वाऱ्यावर बोलायचे, गव्हावर बोलायचे, मनातले तेवढे सोडून सगळे बोलायचे.

आयनारची बायको गेली, त्या वर्षी त्याचा गहू उभाच राहिला होता. ओरेस्ट न बोलावता कापणीयंत्र घेऊन गेला आणि सगळे शेत मोकळे करून आला. आभार काही आले नाहीत. आला तो टोमणा, आणि मग रोज येत राहिला. ओरेस्ट नुसता हसायचा. माझ्याभोवतीची त्याची बोटे मात्र क्षणभर घट्ट व्हायची.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या कपाची ओंबी भिंतीकडे वळवतात.

गेल्या हिवाळ्यात मोठे हिमवादळ झाले. फोन मुके झाले. वादळ ओसरल्यावर ओरेस्टच्या शेतावरून रुग्णवाहिका परतताना दिसली. अगदी हळू, भोंगा न वाजवता. ओरेस्ट गेला असे मानायला गावाला एवढे पुरले. बायका मयताच्या जेवणासाठी सँडविच करायला बसल्या. आयनार उठला. त्याने मला बाहीने पुसले आणि माझी ओंबी भिंतीकडे वळवली.

मित्रांनो, मग माझ्यासमोर नुसती भिंत. कॉफीचा वास येत होता, ऊब नव्हती. त्या सकाळी कोणी कोणाला टोमणा मारला नाही.

दुपारी दार उघडले. गार वारा आत आला.

"मी मेलो आणि मलाच कळवलं नाही?"

"अगं बाई!" मर्नाच्या हातातली किटली हिंदकळली.

पायाला प्लास्टर, काखेत कुबडी, आणि तोच हसरा ओरेस्ट! "बर्फावरून घसरलो. रस्ता निसरडा, म्हणून गाडी हळू नेली. सँडविच कुठायत माझी?"

"संपली! सगळं गाव रडत रडत खात होतं," मर्ना डोळे पुसत म्हणाली. "एकट्या आयनारनं ती तोंडाला लावली नाहीत."

तिने माझी ओंबी उजेडाकडे वळवली आणि मला काठोकाठ भरले. जणू कित्येक दिवसांनी भरल्यासारखे वाटले!

मित्रांनो, ज्याचा कप अजून भरता येतो, त्याच्यासाठीचे शब्द राखून ठेवू नका.

आयनारने आपली खुर्ची ओरेस्टकडे ओढली. मग म्हणाला,

"ओरेस्ट, ओळी सरळ होत्या रे. सगळ्या."