कृष्णाबाईंचे डोळे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना एसएलआर कॅमेरा आहे. रेवसजवळच्या खाडीकाठी एक गाव आहे, तिथल्या एका घरात पुस्तकांच्या कपाटाच्या मधल्या फळीवर मी राहतो. माझ्या शेजारी एक लहानसा कॅमेरा असतो. तो डिजिटल आहे, रेंजफाइंडर जातीचा आहे, आणि माझे सगळे काम त्याने घेतले. एके काळी मला त्याचा फार राग होता. आता नाही. तसे का झाले ते सांगतो, पण आधी माझ्याबद्दल सांगू द्या. सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

मी जपानमध्ये तयार झालो. दत्तात्रेय म्हात्रे यांचे मेव्हणे बोटीवर नोकरीला होते. त्यांनी १९८७ साली मला कोबे बंदरात विकत घेतले आणि दोन सदऱ्यांत गुंडाळून आणले. दत्तात्रेय तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. आईवडिलांचे आयुष्य मिठागरात गेलेले, पण यांनी फोटोग्राफर व्हायचे मनात घेतले होते. त्यांनी मला हातात घेऊन पहिल्यांदा बटण दाबले आणि मी 'खटॅक्' असा खणखणीत आवाज केला. त्यांचा चेहरा उजळला.

"आवाज बग कसला हाय!" ते मेव्हण्यांना म्हणाले.

त्या दिवसापासून मला माझ्या आवाजाचा अभिमान वाटू लागला.

हा आवाज येतो माझ्या पोटातल्या आरशामुळे. लेन्समधून आलेले दृश्य तो आरसा वर, डोळा लावायच्या खिडकीकडे पाठवतो, म्हणून लेन्सला जे दिसते तेच फोटो काढणाऱ्याला दिसते. बटण दाबले की आरसा ताडकन वर उठतो. मग मागचा पडदा उघडतो, फिल्मवर उजेड पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. आरसा वर असतो तेवढा वेळ खिडकीत काळोख असतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. हा काळ पापणी लवण्याइतकाच असतो. त्यात काही बिघडत असेल असे मला कधी वाटले नाही.

मी खूप काम केले. पंचक्रोशीतल्या हळदी, लग्ने, बारशी, शाळेच्या शेवटच्या वर्गाचे फोटो, नवी होडी पाण्यात लोटताना नारळ हातात धरून उभा असलेला तिचा मालक, सगळे माझ्यासमोरून गेले. माझा आवाज झाला की वरातीतली माणसे सावरून उभी राहत आणि दुसरा आवाज झाला की सैल होत. हळूहळू कुटुंब वाढले. एक लांब पल्ल्याची लेन्स आली, एक रुंद दृश्याची आली, फ्लॅश आला आणि हे सगळे वाहायला एक जाड बॅग आली. पावसाळ्यात खाऱ्या हवेने लेन्सला बुरशी धरू नये म्हणून दत्तात्रेय आम्हाला कापडात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवत. खायचे तांदूळ दुसऱ्या डब्यात गेले, याबद्दल घरात कुणी तक्रार केली नाही.

गावातल्या साठ-सत्तर घरांत आज वडीलधाऱ्यांचे जे फोटो आहेत ते मी काढलेले आहेत. ती माणसे तुमच्याकडे सरळ बघतात.

एकच फोटो मला जमत नव्हता. तो होता कृष्णाबाईंचा, दत्तात्रेयांच्या आईचा.

प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले येत. एकदा नाही, दोनदा नाही, दरवेळी. दत्तात्रेयांचे वडील मी घरात येण्याआधीच गेले होते आणि त्यांचा एकही फोटो नव्हता. आईच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नाही, असे दत्तात्रेयांनी ठरवले होते. म्हणून त्यांनी सगळे उपाय केले. फ्लॅशने डोळे दिपत असतील म्हणून फ्लॅश बंद केला. उन्हाने मिटत असतील म्हणून सावलीत बसवले. लांब लेन्स लावून दुरून गुपचूप काढून पाहिला, तर त्या सुकट निवडत खाली बघत होत्या. पुढे माझ्याच घराण्यातला डिजिटल भाऊ आला. त्याला माझ्याच लेन्स लागत आणि त्याचा आरसाही माझ्यासारखाच वाजे. त्याच्यामुळे फरक एवढाच पडला, की डोळे मिटलेले आहेत हे फिल्म धुवायची वाट न बघता लगेच कळू लागले.

शेजारचा तुळशीराम मिठागरात कामाला होता. तो येता-जाता चिडवायचा, "दत्तूभाऊ, साऱ्या गावाच्या म्हाताऱ्या भिंतीवरून टकामका बघतान, आन तुजी आय तेवढी निजलेली!"

दत्तात्रेय हसत. पण घरी आल्यावर जुन्या निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून एकेक तपासत. कृष्णाबाईंनी पंचाऐंशी ओलांडली होती.

अशातच दत्तात्रेयांची मान धरली. खांद्यावर ओझे घ्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. त्यांची मुलगी मृणाली अलिबागच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. ती वाचून-विचारून आली आणि म्हणाली, "बाबा, बॅग सोडा. एक छोटा कॅमेरा आणि एक लेन्स, बस. रेंजफाइंडर घ्या. त्यात आरसाच नसतो."

"आरसा नाय तर दिसनार कसा?"

"बाजूच्या खिडकीतून."

"लेन्स एकीकडं आन मी दुसरीकडं? तो काय कॅमेरा झाला!"

मला बरे वाटले. पण ते फार काळ टिकले नाही. एका सकाळी आम्ही सगळे बॅगेत बसून रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि तिथून फोर्टातल्या हितेशभाईंच्या दुकानात गेलो. हितेशभाई जुने कॅमेरे घेत आणि विकत. त्यांनी प्रत्येक लेन्स उजेडासमोर धरून पाहिली.

"अरे दत्तात्रेयभाई, एकदम चोख्खी! समुद्राकाठी राहून बुरशीचा एक ठिपका नाय. कशात ठेवता?"

"तांदलात."

"तांदूळ पण जपानचा काय?" हितेशभाई हसले. मग त्यांनी मला उचलले, एकदा वाजवले आणि परत काउंटरवर ठेवले. "आ डोसाला, या म्हाताऱ्याला, कोण घेणार? फिल्मचा जमाना गेला. घरी ने, शोकेसमां मूक, ठेवून दे."

माझ्या लेन्स गेल्या, फ्लॅश गेला, डिजिटल भाऊ गेला. त्यांच्या बदल्यात एक वापरलेला डिजिटल रेंजफाइंडर मिळाला. परतीच्या लाँचवर तो आणि मी एकाच पिशवीत पाठीला पाठ लावून बसलो होतो. मित्रांनो, त्या तासाभरात माझ्या मनात काय काय आले ते मी सांगत नाही.

त्याची रचना तुम्हाला सांगायला हवी. त्याची खिडकी लेन्सच्या वर, एका कोपऱ्यात आहे. तिच्यात मधोमध दोन पुसट चित्रे दिसतात. लेन्सचे कडे फिरवत ती दोन्ही एकावर एक आणली, की फोटो स्पष्ट येतो. आरसा नसल्यामुळे ती खिडकी कधीच काळोखी होत नाही. आणि आवाज? पाटीवर पेन्सिल टेकवावी तेवढाच. 'याला काय कॅमेरा म्हणायचे!' असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मी घराच्या खिडकीत ठेवलेला होतो. दत्तात्रेयांनी नवा कॅमेरा डोळ्याला लावला, बराच वेळ कडे फिरवले आणि म्हणाले, "आय, जरा इकडं बग."

त्यांनी बटण दाबले. मग ते ओरडलेच. "उघडं व्हतं! मृणाली, डोलं उघडं व्हतं! मी बगितलं, अगदी त्याच टायमाला बगितलं!"

मृणाली धावत आली. दोघांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर पाहिले. फोटो पूर्ण काळा होता.

"बाबा," मृणाली म्हणाली, "लेन्सचं टोपण."

ते लेन्सवर तसेच होते. मित्रांनो, कबूल करतो, मला हसू आले. ही चूक फक्त माझ्यासारख्याबरोबर चौतीस वर्षे काढलेला माणूसच करू शकतो. माझ्या तोंडावर टोपण असेल तर खिडकीतही काळोख असतो, त्यामुळे विसरायचा प्रश्नच येत नाही. त्या नव्याची खिडकी लेन्सकडे बघतच नाही. टोपण असो वा नसो, तिच्यातून जग छान दिसते.

"काय झालं?" कृष्णाबाईंनी विचारले. "फोटू निगाला का न्हाय?"

"न्हाय निगाला. पन आय, आज तुजं डोलं मिटलं न्हाईत!"

"कसं मिटतील? यो वाजला कुटं?"

दत्तात्रेयांचा हात थांबला. "वाजला न्हाय म्हंजे?"

"तुजा जुना डबा वाजतो ना, फावडा घमेल्यावर आपटल्यासारका. मिठागरान फावड्याचा खटका झाला का डोलं मिटायचं. न्हाय मिटलं तर मीठ उडतंय, डोल्यान जातंय, मंग दिवसभर आग. चालीस वर्सां तेच केलं. आता मी न्हाय मिटत, ते आपसूक मिटतान."

"मंग तू इतकी वर्सां सांगितलं कसं न्हाय?"

"तू कवा इचारलास? तू आपला कदी बत्ती बदल, कदी खुर्ची बदल."

मृणाली हसायला लागली. मी खिडकीत तसाच होतो. आधी आरसा उठतो, आवाज होतो, त्यानंतर पडदा उघडतो, हे मी तुम्हाला सांगितलेच आहे. त्या दोहोंच्या मध्ये पापणी मिटायला पुरेसा वेळ असतो. इतकी वर्षे कृष्णाबाईंचे डोळे मीच मिटवत होतो. ज्या आवाजाची मी फुशारकी मारली, त्याच आवाजाने.

दत्तात्रेयांनी टोपण काढून खिशात घातले. "चल, परत काडतो."

"आता न्हाय. हाताला सुकटीचा वास, आन लुगडा बी जुना. माजा फोटू काडायचाच हाय ना? मंग मिठागरान काड. घरान बसून मी कवा जलम काडला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली. कृष्णाबाईंनी हिरवे लुगडे नेसले होते. मृणालीने मलाही खांद्याला अडकवले. का ते तिने सांगितले नाही. बांधाच्या टोकाशी रिक्षा थांबली. समोर पांढऱ्या राशी होत्या आणि तुळशीराम दोघा-तिघांबरोबर मीठ भरत होता. फावडे घमेल्यावर आपटले. खटॅक्. कृष्णाबाईंचे डोळे मिटले. पुन्हा खटॅक्, पुन्हा मिटले. दत्तात्रेय कॅमेरा खाली धरून आईकडे बघत राहिले. एवढी वर्षे ते फक्त फोटोत बघत होते.

"तुळशीराम, फावडा थांबव."

"कनाला रं दत्तूभाऊ?"

"आयचा फोटू काडतो."

तुळशीरामने फावडे मिठात उभे रोवले आणि बाकीच्यांनाही हाताने थांबवले. खाडीवरून वारा येत होता, तेवढाच आवाज होता. दत्तात्रेयांनी टोपण काढले आहे ना, हे बोट लावून पाहिले. मग कॅमेरा डोळ्याला लावला आणि आईची दोन चित्रे एकावर एक आणू लागले.

कृष्णाबाई अचानक म्हणाल्या, "आज तुजा तोंड दिसतंय."

त्यांचे खरे होते. मी दत्तात्रेयांच्या चेहऱ्यासमोर धरला जात असे आणि तो सगळा झाकून टाकत असे. नव्याची खिडकी कोपऱ्यात असल्यामुळे त्यांचा अर्धा चेहरा उघडा होता. एवढी वर्षे फोटोसाठी बसताना कृष्णाबाईंना समोर मुलगा दिसतच नव्हता, मी दिसत होतो.

त्या बोलल्या, हसल्या, आणि फोटो निघाला. तो निघाल्याचे कुणाला कळलेही नाही.

"काड की लवकर," कृष्णाबाई म्हणाल्या.

दत्तात्रेय स्क्रीनकडे बघत बांधावर खाली बसले. त्यांनी कॅमेरा मृणालीकडे दिला. तुळशीरामने तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, "जागी झाली रं, म्हातारी जागी झाली!"

"तुज्या बापाला मी झोपेतून उठवून कामाला आनायचे," कृष्णाबाई म्हणाल्या, आणि सगळा बांध हसला.

तो फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला. मागे मिठाची रास, हिरवे लुगडे, कपाळावरचे गोंदण, आणि उघडे, हसरे, नीट बघणारे डोळे. लोक मुद्दाम बघायला येत. दत्तात्रेय त्यांना फोटोबद्दल कमी आणि फावड्याबद्दल जास्त सांगत.

दीड वर्षाने, गणपती झाल्यावर, दत्तात्रेय गेले. चार दिवसांचे आजारपण झाले. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

दहाव्या दिवसाच्या आदल्या दुपारी मृणाली कपाटे उघडून वडिलांचा फोटो शोधत होती. हजारो फोटो निघाले, त्यात ते कुठेच नव्हते. एक ओळखपत्राचा सापडला, तोही पुसट. कृष्णाबाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या.

"काय शोधतंस गं?"

"बाबांचा एखादा चांगला फोटो, आजी."

कृष्णाबाईंनी भिंतीकडे बोट केले. "त्यो हाय ना."

"आजी, तो तुझा आहे."

"माजा कसा? मी त्यात कोनाला बगून हसतंय?"

मृणाली त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मग तिने उघडी कपाटे एकेक करून बंद केली.

ती मला दर महिन्याला फळीवरून काढते, पुसते आणि माझा पडदा अडकू नये म्हणून दोन-तीनदा वाजवते. त्याआधी आजी अंगणात आहेत ना, हे बघून घेते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जुना कॅमेरा असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून चालवा, म्हणजे आम्ही पुष्कळ जगतो. आणि घरातले म्हातारे माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच करत असेल, तर खुर्ची आणि दिवा बदलत बसू नका. त्याच्याजवळ बसा आणि का ते विचारा. विचारताना तुमचा चेहरा त्याला दिसू द्या.

मी आजवर हजारो फोटो काढले आणि त्या सगळ्यांचा मला अभिमान आहे. कृष्णाबाईंचा फोटो माझ्या शेजाऱ्याने काढला. पण त्या सकाळी बांधावर मीही होतो आणि गप्प होतो, याचा अभिमान मला त्या सगळ्यांहून थोडा जास्त आहे.