रामरावची बायको, वय वीस

अनसिंगच्या रंगरावांनी उभ्या जन्मात एक गोष्ट दोनदा सारखी सांगितली असेल, तर उपटलेल्या वांग्यालाही फुलं येतील. त्यांच्या आजीचंच घ्या. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या तापात घरटी तिरडी निघत होती, तेव्हा या बाईनं म्हणे मुसळ उगारून त्या मानमोडीलाच पार मंगरूळपीरपर्यंत पिटाळलं! लग्नाच्या पंगतीत तिचं नाव सोनीबाई असे, पारावर रामीबाई. ऐकणाऱ्यांत कोणाची सासू नानीबाई असली, की हमखास नानीबाई. हशा पिकायचा. खरं नाव काय, आपल्याला ठाऊकच आहे, असं रंगराव धरून चालले होते.

त्या दुपारी ते मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते. नात वैष्णवी मोबाइल घेऊन आली. मानमोडीत गेलेल्यांची नावं गोळा करणारी एक वेबसाइट निघाली होती. गावकोतवाल जन्म-मृत्यू लिहीत, त्या जुन्या वह्यांची पानंही तिच्यावर होती.

“आबा, तुमची आजी सापडली! ‘रामरावची बायको, वय वीस, ताप.’ बस, एवढंच. घरच्यायनं नाव भरलं तं कायमचं राह्यते. पन तिघायनं तीन नावं धाडली.”

“कोनती?”

“उज्ज्वला आत्यानं सोनीबाई, दिनेशकाकानं रामीबाई, वाशीमच्या पाव्हण्यानं नानीबाई. समदे म्हंतात, आबानंच सांगतलं. आता खरं बोला.”

रंगराव मिशीत हसले. तोंड उघडलं. सोनीबाई आली, रामीबाई आली, मागून नानीबाई. चौथं काही येईना. आजीची जाऊ हिरीबाई. तिनं ते नाव त्यांना सांगितलं होतं. तेव्हा ते सात वर्षांचे होते. हिरीबाई जाऊनही साठ-पासष्ट वर्षं झाली.

“कायले ताणून राह्यले, आबा?”

जुडीची दोरी रंगरावांच्या बोटाला तशीच गुंडाळलेली राहिली. वैष्णवीचं हसू विरलं.

“तुमाले आठवत नाही?”

“म्याच बुजवलं, पोरी. एकावर एक रचत गेलो.”

“मंग सोनीबाई टाकू? चांगलं आहे.”

“नोको! त्या तिघी म्या घडवल्या. हे खरीखुरी होती.”

मग ते हळूहळू सांगू लागले. “ताप चढला तवा तिनं आपलं बाजलं मळ्यात टाकलं. घरात पाय ठेवला नाही. पोरगं आठ महिन्याचं, अंगावरचं, म्हून संगच. हिरीबाईनं धुऱ्यावर, मळ्याच्या बांधावर, सूप ठेवलं अन् मांगं सरली. हिनं पोरगं सुपात निजवलं अन् हे बी मांगं सरली. मंग हिरीबाईनं सूप उचललं. ते पोरगं म्हंजे माहा बाप.”

“हे तं कधीच सांगतलं नाही तुमी!”

“यात हसाले काय होतं?”

वैष्णवीनं सगळं टाइप केलं. नावाचा रकाना रिकामा ठेवला.

“आबा, तिनं पोराले सुपात ठेवतानी काई म्हनलं का?”

रंगरावांच्या जिभेवर दहा वाक्यं आली, एकाहून एक बहारदार. त्यांनी ती गिळली.

“माईत नाही,” ते म्हणाले.