रोवेनाचं मिळमिळीत झाड

सव्वीस वर्षांनी मी रोवेनाच्या फाटकाशी उभी होते, हातात ब्लॅकबेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन. रिकाम्या हाताने जायची हिंमत होत नव्हती, दुसरं काय.

चौऱ्याहत्तर साली मी, माझा नवरा एल्डन आणि रोवेना असे तिघे एका खटारा गाडीतून कॅलिफोर्नियातल्या या हम्बोल्टच्या डोंगरात आलो. तिघांत एक चूल, एक करवत. पहिला हिवाळा घेवड्याच्या उसळीवर काढला आणि हसून हसून पोटं दुखवून घेतली. काय दिवस होते ते! डोंगरातले सगळेच गांजा लावायचे, तसा आम्हीही लावला. माझा हात त्यात चांगला बसला. दरवर्षी सगळ्यांत कडक झाडाचं बी धरायचं, बाकीची उपटून टाकायची. रोवेनाचं मात्र भलतंच. तिच्याकडे रुंद पानांची एक ओळ होती, वास लिंबाच्या सालीचा, आणि नशेच्या नावाने शून्य. आख्खी विडी ओढली तरी माणूस सुईत दोरा ओवेल. तिची कंबर म्हणे त्यानेच धरेनाशी झाली होती. "तुझं मिळमिळीत झाड," मी तिला चिडवायचे.

चौऱ्याऐंशी साली तिने त्या ओळीत एक नर झाड तसंच उभं ठेवलं. वाऱ्याबरोबर पराग खाली आमच्याकडे आले आणि आमच्या झाडून सगळ्या पिकाने बी धरलं. बी भरलेला माल कुत्रंही हुंगत नाही. माझं डोकं फिरलं. कोयता घेऊन गेले, तिची ओळ मुळासकट काढून शेकोटीत घातली आणि तोंडाला येईल ते बोलले. घरी येऊन आमचाही माल घळीत लोटून दिला. एल्डन वर्षानुवर्षं सांगायचा, जा, माफी माग तिची. मी कसली जाते.

आणि आता एल्डनचे पाय गेले. नसांचा आजार. पिंढऱ्या पिळून निघायच्या, तो ओठ चावून गप्प पडायचा. डॉक्टरनेच गांजा लिहून दिला, म्हणून मी माझा कडक माल तेलात उतरवून थेंबाथेंबाने दिला. पाय सैल पडले, पण त्याला हेलिकॉप्टरं ऐकू यायला लागली. पूर्वी ऑगस्टमध्ये पोलिसांची धाडी घालायला यायची तसली. मला ओढून टेबलाखाली घ्यायचा. एका संध्याकाळी तर माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही कुठल्या खात्याच्या?" अडतीस वर्षांचा संसार. मी मागच्या दारी जाऊन रडले. थेंब कमी केले की पाय, वाढवले की हेलिकॉप्टरं. सगळा उन्हाळा असाच गेला.

शेवटी माल ओकलंडच्या एका प्रयोगशाळेत तपासायला दिला. तिथली पोरगी फार गोड बोलायची. म्हणाली, मावशी, तुमच्या मालात नुसती नशेची टीएचसी आहे, तिला आवर घालणारी सीबीडी अजिबात नाही. दोन्ही बरोबरीने असतील तर काकांचं जमेल. पण तसली झाडं आता मिळत नाहीत, नशा येत नाही म्हणून तुम्हा लोकांनीच उपटली. कोणी उपटली ते मला नको सांगूस, असं मी मनात म्हटलं.

रोवेना बाहेर आली. वेणी पांढरीशुभ्र झाली होती. बरणी उन्हात धरून म्हणाली, "साखर अजून जास्तच घालतेस." मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या ओळीचं एक बीही उरलं नाही, तूच जाळलंस." मी तिच्या पायरीवर बसकणच मारली. मग ती आत जाऊन फ्रीजमधून कॉफीचा डबा घेऊन आली.

"या बिया तुझ्याच आहेत. त्या वर्षी माल घळीत फेकलास ना, मी दुसऱ्या दिवशी वेचल्या. आई तुझ्या शेतातली, बाप माझ्या. फेकवेनात गं."

मार्चमध्ये एक्केचाळीस बिया पेरल्या, पाच उगवल्या. त्यात एक नर निघाला. "या वेळी मीच उपटते," रोवेना म्हणाली. ऑक्टोबरात बोंडं ओकलंडहून तपासून आणली: दोन्ही गोष्टी बरोबरीने. ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर उतरवली आणि आम्ही दोघी चमचा घेऊन बसलो. पाव चमच्याने काही झालं नाही. पाऊण दिला तर एल्डन छताकडे बघायला लागला. अर्ध्यावर आलो, तिथे पाय निजले.

चौथ्या दिवशी तिघं जेवायला बसलो. एल्डनने चमचा हुंगला, लिंबाच्या सालीचा वास ओळखला आणि म्हणाला, "हा चौऱ्याऐंशीचा माल." मी त्याला बियांचं काही सांगितलं नव्हतं.

"फेकलास म्हणाली होतीस."

"फेकला होता."

त्याने रोवेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नजर स्वच्छ होती. "नोरीन, हिची माफी मागितलीस का?"

माझं नाव ऐकून मन भरून आलं. मार्चपासून आम्ही दोघी एका वाफ्यात राबत होतो, पण ते शब्द काही माझ्या तोंडातून निघाले नव्हते. मी चमचा खाली ठेवला, रोवेनाचा हात धरला आणि मागितली.